मालक, भाऊबंद आणि त्रयस्थ

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याच्या आयुष्याचीं सव्वीस-सत्तावीस वर्षें गेलीं, त्यानें संगणकावरील फाइलींच्या परवानग्यांविषयीं लिहावयास बसावें, हा आमच्या कांहीं स्नेह्यांस अव्यापारेषु व्यापार वाटण्याचा संभव आहे. त्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, हा विषय आम्हीं निवडला नाहीं. तो आमच्या वांट्यास आला. प्रत्येक महाविद्यालयांत समित्या असतात, प्रत्येक समितीस अध्यक्ष लागतो, आणि ज्यास त्या विषयांतलें कांहीं कळत नाहीं तो निदान पक्षपात तरी करणार नाहीं, या समजुतीनें तें पद पुष्कळदां आमच्यासारख्याच्या गळ्यांत पडतें. आमच्या महाविद्यालयाच्या संगणक-समितीचें असेंच झालें. त्या निमित्तानें जें पाहावयास मिळालें, तें आमच्या वर्गांतील कादंबऱ्यांपेक्षां कमी मनोरंजक नव्हतें. आणि ज्या घरांतील मुलांमुलींचे कागद असल्या एखाद्या यंत्रांत पडून आहेत त्या घरास, म्हणजे आज बहुतेक प्रत्येक घरास, त्याची माहिती असणें अगत्याचें आहे असें आम्हांस वाटतें.

सर्व्हर म्हणजे अष्टौप्रहर जागा राहून दुरून येणाऱ्या मागण्यांस उत्तरें देणारा संगणक. प्रत्येक कामास स्वतंत्र सर्व्हर ठेवणें श्रीमंतांस शोभतें; बाकीचे लोक एकाच सर्व्हरवर अनेक बिऱ्हाडें नांदवितात. आमच्याकडे अशीं सहा बिऱ्हाडें होतीं: ग्रंथालयाची सूची, प्रवेशाचे अर्ज, परीक्षाविभागाचीं गुणपत्रकें, वेळापत्रक, महाविद्यालयाचें वार्षिक, आणि स्नेहसंमेलनाचीं छायाचित्रें. यांतील प्रत्येकास ॲप्लिकेशन म्हणतात आणि मराठींतही आतां तोच शब्द रुळला आहे. ॲप्लिकेशनचें सामान तीन प्रकारचें. एक त्याचा प्रोग्राम. दुसरी एक लहानशी फाइल, जिच्यांत डेटाबेसचा पासवर्ड बहुधा साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. ती त्या ॲप्लिकेशनला वाचतां आलीच पाहिजे, एरवीं त्याचें काम सुरूच होणार नाहीं. तिसरे लोकांनीं पाठविलेले कागद. प्रवेश-अर्जांच्या फोल्डरांत काय असतें हें पालकांस सांगावयास नको. गुणपत्रकें असतात, जातीचा दाखला असतो, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला असतो. एखादीच्या आईचें परित्यक्ता असल्याचें प्रतिज्ञापत्र असतें, एखाद्याच्या व्यंगाचें वैद्यकीय प्रमाणपत्र असतें. जें सख्ख्या शेजाऱ्यासही सांगितलेलें नसतें तें आपण या फोल्डरांत निःशंकपणें टाकतों.

या सामानास कुलपें असतात तीं परवानग्यांचीं. लिनक्स या प्रणालींत, आणि ती ज्या युनिक्सच्या वळणावर बांधलेली आहे त्यांतही, प्रत्येक फाइलीवर एका मालकाचें व एका गटाचें नांव असतें. जो या दोहोंत बसत नाहीं तो ‘इतर’. आम्हीं आपल्या मनाशीं त्याचें भाषांतर मालक, भाऊबंद आणि त्रयस्थ असें करून घेतलें. त्रयस्थ हा शब्द तर या कामासाठींच घडविल्यासारखा आहे. तो खरोखरीच तिसऱ्या जागीं उभा असतो. ज्यांनीं शेताचा सातबारा पाहिला आहे त्यांस ही मांडणी परकी वाटणार नाहीं. तेथेंही कब्जेदाराचें नांव एकीकडे आणि ‘इतर अधिकार’ दुसरीकडे असे लिहिलेले असतात. तिघांपैकीं प्रत्येकास वाचणें, लिहिणें आणि चालविणें असे तीन हक्क देतां येतात. वाचण्याची किंमत ४, लिहिण्याची २ आणि चालविण्याची १. वाण्यापाशीं १, २ आणि ४ किलोंचीं तीनच वजनें असलीं तरी सात किलोंपर्यंतचें प्रत्येक माप तो देऊं शकतो, आणि तेंही प्रत्येक वेळीं एकाच जुळणीनें. तसाच हा हिशेब. तिघांचे तीन आंकडे शेजारीं शेजारीं मांडले कीं फाइलीचें भविष्य ठरलें. ६४० म्हणजे मालकानें वाचावें व लिहावें, भाऊबंदांनीं नुसतें वाचावें, त्रयस्थानें दाराशींही थांबूं नये. ७७७ म्हणजे सर्वांस सर्व कांहीं. यंत्र मात्र मोठें शब्दनिष्ठ असतें. मालकास बंदी आणि त्रयस्थास मुभा असा आंकडा कोणी लिहिला, तर तें मालकाला खरोखरच दारांत अडवितें. ‘निदान त्रयस्थ म्हणून तरी आंत सोड’ हा युक्तिवाद त्याला समजत नाहीं.

फोल्डरच्या बाबतींत या शब्दांचे अर्थ बदलतात आणि पुष्कळ चांगलीं माणसें येथेंच फसतात. फोल्डर कांहीं ‘चालवितां’ येत नाहीं; तेथें त्या हक्काचा अर्थ आंतून जाण्यायेण्याचा हक्क, ज्यास आपल्याकडे शेताच्या बांधावरून वहिवाट म्हणतात. वहिवाट आहे पण वाचण्याचा हक्क नाहीं, अशा मनुष्यास नेमक्या फाइलीचें नांव ठाऊक असल्यास तो तिच्यापर्यंत पोंचतो. परंतु फोल्डरांत काय काय आहे याची यादी त्यास मिळत नाहीं. याहून चमत्कारिक गोष्ट पुसून टाकण्याची. एखादी फाइल पुसतां येईल कीं नाहीं हें फाइलीवरच्या आंकड्यावरून ठरत नाहीं, ती ज्या फोल्डरांत आहे त्याच्या आंकड्यावरून ठरतें. फाइलीला तुम्ही कितीही जाड कुलूप घाला. फोल्डर आंत येण्यास व लिहिण्यास मोकळा असला, तर येणारा ती फाइल उचलून फेंकतो आणि तिच्या जागीं त्याच नांवाची दुसरी ठेवतो. पेटीला कुलूप आहे आणि कोठीला दारच नाहीं, असा हा प्रकार.

एका यंत्रावर अनेकांनीं नांदण्याची कल्पना तशी जुनी आहे, आणि तींतून उद्भवणारे घोटाळेही तितकेच जुने. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत १९६१ सालीं फर्नांडो कोर्बातो यांनीं अनेकांस एकाच वेळीं वापरतां येईल अशी संगणक-प्रणाली चालवून दाखविली. तिच्यावरची एक हकीगत खुद्द कोर्बातो यांनींच पुढें सांगितली आहे. एके दिवशीं जो कोणी यंत्रावर येई, त्याच्यापुढें त्या दिवसाच्या सूचनेऐवजीं सर्व वापरकर्त्यांच्या पासवर्डांची यादी छापून येऊं लागली! झालें होतें एवढेंच कीं, एक व्यवस्थापक ती सूचना आणि दुसरा ती पासवर्डांची यादी, असे दोघे एकाच वेळीं एकाच फोल्डरांत बसून दुरुस्त करीत होते. आणि लेखनाचा प्रोग्राम आपली तात्पुरती फाइल नेहमीं एकाच ठरीव नांवानें करीत असे. दोघांच्या कागदांची अदलाबदल झाली. या प्रकरणांत चोर कोणीच नव्हता. दोन निराळ्या कामांस एकच नांव मिळालें, इतकाच काय तो दोष.

१९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनीं युनिक्सचा पाया घातला. तिच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तकांत परवानगीच्या दृष्टीनें जगाचे दोनच भाग आहेत: मालक, आणि मालक नसलेले. गट मागाहून आला. त्याला उशीर व्हावा यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. मालक कोण हें सांगावयास फारसा विचार लागत नाहीं. त्रयस्थ कोण हें सांगावयास तर मुळींच लागत नाहीं, कारण उरलेले सगळे त्रयस्थच. विचार लागतो तो मधल्या मंडळींविषयीं. कोणाकोणास आपल्या वहीत डोकावूं द्यावें, कोणास लिहूंही द्यावें, आणि कोणत्या दिवशीं तो हक्क काढून घ्यावा, हें ठरविण्यास माणसें आणि त्यांचीं कामें ओळखावीं लागतात. हा त्रास चुकविण्याचा सोपा मार्ग म्हणजे ७७७. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, सकाळीं निकाल लावावयाचा असतो, आणि पडद्यावर ‘परवानगी नाकारली’ ही ओळ पुन्हां पुन्हां येत असते. अशा वेळीं कोणी तरी तीन सात टाइप करतो, ओळ नाहींशी होते, आणि मंडळी समाधानानें घरीं जातात. तो आंकडा पुढें सात-आठ वर्षें तसाच राहतो, कारण चालत असलेल्या गोष्टीकडे कोणी पाहत नाहीं.

आमच्या सर्व्हरची मांडणी एका कंत्राटदारानें पूर्वीं केव्हां तरी करून दिली होती. ती वाईट होती असें नव्हे; त्या काळीं सर्रास करीत तशीच होती. डेबियन, उबुंटू इत्यादि लिनक्सच्या प्रचलित प्रकारांत वेब-सर्व्हर ज्या नांवानें वावरतो तें नांव ‘डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू-डेटा’. आमचीं सहाही बिऱ्हाडें याच एका नांवानें चालत होतीं. याचा अर्थ नीट ध्यानांत घेण्यासारखा आहे. भिंतींपलीकडच्या त्रयस्थासाठीं कितीही कुलपें असोत, यंत्राच्या दृष्टीनें ग्रंथालय, परीक्षाविभाग आणि स्नेहसंमेलन हीं तीन नव्हतींच. तो एकच इसम होता. प्रवेश-अर्जांवर कोणी ६०० लिहून मालकाखेरीज सर्वांस दार बंद केलें असतें, तरी स्नेहसंमेलनास ते दिसलेच असते. कारण मालक तोच!

हें आम्हांस कळलें तें एका दिवाळीच्या सुटीनंतर. स्नेहसंमेलनाचें तें ॲप्लिकेशन ज्या विद्यार्थ्यानें हौसेनें बसविलें होतें तो पदवी घेऊन केव्हांच निघून गेला होता, आणि त्याच्यामागें कोणीं त्याची डागडुजी केली नव्हती. छायाचित्रें स्वीकारणारा फोल्डर अर्थात् ७७७. कोणी परक्यानें छायाचित्राच्या वाटेनें एक चार ओळींचा प्रोग्राम आंत पाठविला होता. येथें ‘चालविणें’ हा हक्क आडवा येईल असें आमच्यासारख्यास वाटतें; परंतु पीएचपी या भाषेंतील फाइल वेब-सर्व्हरकडून चालावयास तिला वाचतां येणें पुरेसें असतें. आमच्या संगणकविभागांतील तरुण व्यवस्थापक सकाळींच आमच्या खोलींत आले.

“सर, फोटोंच्या फोल्डरांत एक फाइल आहे. ती फोटो नाहीं.”

“म्हणजे फोटो गेले कीं काय?”

“फोटो आहेत तसेच आहेत, सर. पण ती ज्या नांवानें चालते त्या नांवाला सगळेंच दिसतें.”

त्या दिवशीं दुपारपर्यंत आम्ही दोघे एकच प्रश्न घेऊन बसलों होतों: तिनें प्रवेश-अर्ज वाचले कीं नाहीं? आणि येथें एक अशी गोष्ट कळली कीं, जी अजूनही आमच्या मनांतून जात नाहीं. फाइल बदलली कीं तिच्यावर बदलाची वेळ पडते; परंतु वाचली असतां, मुद्दाम तशी व्यवस्था केलेली नसल्यास, कोणीं वाचली याची खूण राहत नाहीं. शेवटच्या वाचनाची एक वेळ टिपलेली असते, पण तीही प्रत्येक वाचनागणिक टिपली जातेच असें नाहीं, आणि रोज रात्रीं प्रती काढून ठेवणारा आपला प्रोग्रामही यंत्राच्या लेखीं वाचकच. घरांतून भांडें गेलें तर फळीवर मोकळी जागा दिसते. पत्र कोणी वाचून पुन्हां घडी घालून ठेवलें, तर काय दिसणार?

दुरुस्तीस दोन महिने लागले. तींतील यंत्राचा भाग सोपा निघाला. प्रत्येक ॲप्लिकेशनला स्वतःचें नांव देण्यांत आलें. पीएचपीमध्यें याकरितां पीएचपी-एफपीएम् नांवाची सोय आहे, आणि २०१० सालापासून ती त्या भाषेच्या मूळ संचांतच येते. तिच्या योगानें एकेका बिऱ्हाडाचें काम एकेका निराळ्या नांवानें चालवितां येतें. यानंतर दुसरें पाऊल, जें आम्हांस प्रथम विपरीत वाटलें: ॲप्लिकेशनचा प्रोग्राम ॲप्लिकेशनच्या मालकीचा ठेवावयाचा नाहीं. मालक व्यवस्थापक, ॲप्लिकेशन नुसतें भाऊबंद. फाइलींवर ६४०, फोल्डरांवर ७५०. त्यामुळें त्यास स्वतःचा प्रोग्राम वाचतां येतो, पण बदलतां येत नाहीं. आणि कोणी त्याच्या अंगांत शिरलाच, तरी त्यालाही बदलतां येत नाहीं. लिहिण्यास मोकळा असा एकच फोल्डर, आलेले कागद ठेवण्याचा, आणि त्यांतला कोणताही प्रोग्राम चालवूं नये अशी वेब-सर्व्हरला सक्त ताकीद. वेब-सर्व्हरला छायाचित्रें वगैरे वाचून लोकांस दाखवावीं लागतात म्हणून तो प्रत्येक गटांत सभासद झाला. मात्र या सोयीची किंमत अशी कीं, यापुढें त्याच्या स्वतःच्या नांवावर एकही ॲप्लिकेशन चालवितां कामा नये, नाहीं तर पुन्हां पहिले पाढे पंचावन्न.

माणसांचा भाग कठीण होता. वार्षिकाचेंच पाहा. त्याचें संपादकमंडळ चार-पांच विद्यार्थ्यांचें. त्यांच्यासाठीं एक गट केला, सामाईक फोल्डर दिला, आणि आठवड्याच्या आंत तक्रार आली कीं, एकीनें ठेवलेला लेख दुसऱ्यास दुरुस्त करतां येत नाहीं. कारण नवी फाइल जन्मास येते ती करणाऱ्याच्या स्वतःच्या खासगी गटांत, आणि बहुधा ६४४ हा आंकडा घेऊन. मालक लिहूं शकतो, इतरांनीं पाहत बसावें. संपादकमंडळाचा उपाय ठरलेला होता: “सर, ७७७ करून टाकूं या ना!” खरा उपाय दोन ठिकाणीं होता. फोल्डरवर एक खूण करतां येते, आंकड्याच्या आधीं २ लिहून. मग त्यांत जन्मणारी प्रत्येक फाइल फोल्डरच्याच गटाची होते. आणि नव्या फाइलीवरून कोणते हक्क वजा करावेत हें ठरविणारी ‘यू-मास्क’ नांवाची एक चाळणी असते. ती ००२ केली कीं भाऊबंदांचा लिहिण्याचा हक्क शाबूत राहतो. पांच मिनिटांचें काम. परंतु दर वर्षीं एप्रिलांत जुन्या संपादकांचीं नांवें गटांतून काढणें आणि जुलैंत नव्यांचीं घालणें, हें पांच मिनिटांचें काम कोणी करावयाचें याचा निर्णय होण्यास तीन बैठका लागल्या.

परीक्षाविभागाचें आणि प्रवेशविभागाचें बोलणें तर याहून रंगलें. दोघांनाही एकमेकांचें सगळें पाहिजे होतें, आणि कशासाठीं असें विचारतांच दोघांचीही मनें दुखावलीं. “सगळीं आपलींच माणसें आहेत” हें वाक्य त्या बैठकींत आम्हीं इतके वेळां ऐकलें कीं, शेवटीं मोजणें सोडून दिलें. सौजन्य आणि कुलूप यांचें वैर आहे अशी आपल्याकडे एक दृढ समजूत आहे. शेजाऱ्यापाशीं किल्ली ठेवणें हा घरोबा, आणि ती परत मागणें हा अविश्वास. या समजुतीनें एकत्र कुटुंबांत जें केलें तेंच ती कचेऱ्यांत करते. १९७५ सालीं जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनीं संगणकांतील माहितीच्या संरक्षणावर लिहिलेल्या लेखांत एक तत्त्व मांडलें आहे: प्रत्येक प्रोग्रामास आणि प्रत्येक माणसास आपल्या कामापुरताच, कमीत कमी, हक्क असावा. आम्हीं तें सभेपुढें ठेवलें. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनीं तें अपमानकारक असल्याचें सांगितलें. शेवटीं परीक्षाविभागास विद्यार्थ्याचें नांव, क्रमांक आणि शाखा एवढी यादी मिळाली. त्यांना लागत होतें तेंही तेवढेंच.

वर ‘रूट’ म्हणून एक नांव उरतेंच, ज्याला यांतला बहुतेक कोणताही आंकडा अडवीत नाहीं. तें पूर्वीं कंत्राटदारासकट पांच जणांपाशीं होतें. आतां दोघांपाशीं आहे.

पालकांस कळवावें कीं न कळवावें, यावर मतें दोन होतीं. कांहीं गेल्याचा पुरावा नसतां कशाला घबराट, असें एक. आणि न गेल्याचाही पुरावा नाहीं, असें दुसरें. आमचें मत दुसरें होतें, आणि थोड्या मतांनीं तें टिकलें. पत्रें गेलीं. बहुतेकांनीं उत्तर दिलें नाहीं. एक गृहस्थ मात्र पत्र हातांत घेऊन स्वतः आले. मुलीनें तीन वर्षांपूर्वीं प्रवेश घेतला होता आणि आतां ती पदवीधर होऊन बाहेर पडली होती.

“सर, आमचा उत्पन्नाचा दाखला कोणीं कोणीं पाहिला?” त्यांनीं विचारलें. आम्हीं त्यांस खरें तेंच सांगितलें: आज कोण पाहूं शकतें त्यांचीं नांवें सांगतां येतील, मागें कोणीं पाहिला तें सांगतां येणार नाहीं. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें.

“पण तिचा प्रवेश तर केव्हांच झाला. मग तो कागद अजून तुमच्यापाशीं कशाला?”

आम्हीं व्यवस्थापकांकडे पाहिलें आणि त्यांनीं आमच्याकडे. गट, आंकडे, नांवें यांचा एवढा खल झाला, त्यांत हा प्रश्न कोणाच्याही कार्यक्रमपत्रिकेवर आला नव्हता. त्याच महिन्यांत समितीनें ठराव केला आणि ज्यांचे प्रवेश पुरे होऊन गेले आहेत त्यांचे जे दाखले नियमानें ठेवण्याची गरज नव्हती ते सर्व्हरवरून काढून टाकले. जुन्या प्रतींच्या डिस्कांवरून ते पुसावयास मात्र आणखी सहा आठवडे गेले. कारण त्या डिस्का ज्या लोखंडी कपाटांत होत्या त्याची किल्ली दोन वर्षांपूर्वीं निवृत्त झालेल्या कारकुनांच्या घरीं, देवघरांतल्या खणांत, होती.